पासवर्ड कोणाकडे?

परवा पालकसभा संपल्यावर एक वडील मागं थांबले. नवेगावबांधकडचे, धानाचे शेतकरी. म्हणाले, "सर, पोरगा रात्री टीव्हीवर काय पाहते, काही समजत नाही. बंद कराव म्हटलं तं मलेच येत नाही." बोलता बोलता त्यांनी खिशातून फोन काढला, एका नंबरला रिंग दिली आणि कानाला लावला. शेतातल्या पेटीतून बाईचा आवाज आला, मोटर चालू झाली. फोन खिशात घालून हा माणूस पुन्हा मला सांगतो, "आपल्याले त्यातलं काही जमत नाही."

मी त्यांना खुर्ची दिली. त्यांच्याशी जे बोललो, तेच आज तुमच्याशी बोलतो.

स्मार्ट वस्तू आपल्याकडं आधी आली ती बांधीवर. शेतीची थ्री फेज लाईन आळीपाळीची, कधी दिवसा तर कधी रात्री. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं वीज केंद्र असलेल्या जिल्ह्यात आपण वर्षानुवर्षं अर्ध्या रात्री टॉर्च घेऊन पंपाकडं गेलो, त्यातही नागझिऱ्याच्या कडेला राहणाऱ्यांना वाटेत कोण भेटेल याचा नेम नाही. म्हणून मोबाईल स्टार्टर घेतला. सिम कार्ड घातलेली एक पेटी, रिंग दिली की पंप सुरू, पाणी आटलं की बंद. पण मुख्य गोष्ट आणखी एक आहे. त्या पेटीत कोणाचे नंबर नोंदवायचे ते तुम्ही ठरवलं. आपला, भावाचा, फार तर गड्याचा. गावातल्या दुसऱ्या कोणी शंभर वेळा रिंग दिली तरी मोटर हलत नाही.

आता घरात या. नवा टीव्ही जोडायला दुकानातला मुलगा आला. त्यानं विचारलं, "काका, जीमेल कोणाचा टाकू?" तुम्ही म्हणालात, "पोराले विचार." झालं! त्या दोन शब्दांत टीव्हीची मालकी नववीतल्या मुलाकडं गेली. त्यानं जन्मसाल १९९० टाकलं. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्याआधी आईवडिलांची संमती हवी, असं २०२३चा डेटा संरक्षण कायदा सांगतो, पण यंत्राच्या लेखी तुमचा मुलगा तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. संमती विचारायची कोणाला?

वायफायचंही तेच. पेटीच्या मागं चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड अजून तोच, आणि तो अख्ख्या मोहल्ल्याच्या पोरांना पाठ.

कॅमेऱ्याबद्दल मात्र मी शहाणपणा शिकवावा असा माझा अधिकार नाही. मुलगी दहावीला असताना मी तिच्या अभ्यासाच्या खोलीत कॅमेरा लावला होता. तिला न विचारता. शाळेतून फोन उघडून पाहायचो, लेक वाचते की नाही. तिसऱ्या दिवशी पडद्यावर नुसता हिरवा रंग. मला वाटलं, बिघडला. घरी जाऊन पाहिलं तर कॅमेऱ्यावर तिची ओढणी टांगलेली. ती काही बोलली नाही, मीही नाही. आठ दिवसांनी कॅमेरा काढून फाटकावर लावला. तिथं तो कामाचा आहे, भाजीवाला आला की कळतं.

२०२५च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीचं चित्रण इंटरनेटवर फिरताना सापडलं, तेव्हा मला ती ओढणी आठवली. असल्या कॅमेऱ्यांचे पासवर्ड बऱ्याचदा कारखान्यातून आलेलेच ठेवलेले असतात, ॲडमिन १२३ छापाचे. आपल्या खोलीत आपणच उघडी खिडकी ठेवायची आणि लेकीला म्हणायचं, तुझ्याच काळजीपोटी!

म्हणून म्हणतो, एखाद्या संध्याकाळी छपरीत मुलाला शेजारी बसवा आणि म्हणा, शिकव मला. तो हसेल, हसू द्या. टीव्हीवर तुमचं खातं उघडा, चार आकड्यांचा पिन तुम्ही ठेवा. वायफायचा पासवर्ड बदला. बोलून चालणारं यंत्र असेल तर आजीलाही बसवा. गूगलचा असिस्टंट २०१८पासून मराठी समजतो, पण आमच्या शेजारच्या आजी त्याला "पंखा लाव ना बापा" म्हणतात तेव्हा तो गोंधळतो आणि सगळं घर हसतं. तेवढं हसणंही पुष्कळ झालं.

ते वडील पंधरा दिवसांनी भेटले. पिन टाकला म्हणाले. मुलगा दोन दिवस रुसून होता, मग त्यानं अट घातली की पंपाच्या पेटीत माझा नंबर टाका. यांनी टाकला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय सर, मित्रायले दाखवाले शाळेतून रिंग देल्ली त्यानं. बांधी भरली, धुरा फुटला, अन् पाणी भावाच्या शेतात." सांगताना ते हसत होते.