गॅसवर चालणाऱ्या जुन्या मोटारीचें पाणी

शेतमाल बाजारांत पोंचविण्यासाठीं पेट्रोलवर चालणारी एखादी जुनी व्हॅन किंवा मोटार आमच्या पुष्कळ वाचकांनीं बाळगलेली आहे, व पेट्रोलचा खर्च झेपेना म्हणून त्यांपैकीं कित्येकांनीं तिला एल्. पी. जी. गॅसचें किट बसवून घेतलें आहे. २००० सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती झाल्यापासून हा बदल रीतसर करतां येतो. बदलानंतरचीं एक-दोन वर्षें सुखाचीं जातात. पुढें मात्र दोन तक्रारी कानीं येऊं लागतात. एक, गाडी चढावर तापते. दुसरी, थंडीच्या दिवसांत पहाटे गॅसवर टाकतांच गाडी झटके खाते व बंद पडते. पहिलीबद्दल इंजिनास दोष देतात, दुसरीबद्दल गॅसला. वस्तुतः पुष्कळ वेळां या दोन्ही तक्रारींचें मूळ एकच असतें, व तें म्हणजे इंजिनाभोवतीं खेळणारें पाणी होय. दोष कसा ओळखावा व दुरुस्तीस कोणत्या क्रमानें लागावें, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

पाण्याचीं दोन कामें

पेट्रोलच्या गाडींत पाण्यास मुख्यतः एकच काम असतें. इंजिनाची उष्णता घेऊन ती रेडिएटरांत हवेच्या स्वाधीन करावयाची. गॅसच्या गाडींत त्याच पाण्यावर दुसरें काम येऊन पडतें. टाकींत गॅस दाबाखालीं द्रवरूपानें असतो. तो प्रोपेन व ब्युटेन यांचें मिश्रण होय. साध्या हवेच्या दाबाखालीं प्रोपेन उणें ४२ अंश सेल्सिअसवर, तर ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतें. द्रवाची वाफ होतांना ती सभोंवारची उष्णता शोषून घेते. माठांतील पाणी थंड होतें तें याच कारणानें. एक किलो द्रवगॅसाची वाफ होण्यास सुमारें ९० किलोकॅलरी उष्णता लागते. एक लिटर पाणी बर्फाच्या थंडपणापासून जवळजवळ उकळीपर्यंत नेण्यास जितकी उष्णता लागेल, तितकीच ही होय.

ही उष्णता आणावयाची कोठून? बॉनेटखालीं किंवा आसनाखालीं इंजिनाजवळ चहाच्या बशीएवढा एक धातूचा ठोकळा बसविलेला असतो. त्यास रिड्यूसर म्हणतात, कोणी व्हेपोरायझर म्हणतात. त्याच्या पोटांत इंजिनाचें गरम पाणी दोन रबरी नळ्यांनीं खेळविलेलें असतें. त्या पाण्याच्या उष्णतेनें द्रवगॅसाची वाफ होते व रिड्यूसर ती कमी दाबानें इंजिनास पुरवितो. गरम पाणी मिळालें नाहीं तर रिड्यूसर गार पडतो, त्यावर हिम धरतें, आंतील रबरी पडदे कडक होतात व इंजिनास गॅस प्रमाणांत मिळत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा पाहूं. किट बसविणारा कारागीर जागा मिळेल तेथें रिड्यूसर बसवितो, आणि पुष्कळदां ती जागा रेडिएटरच्या तोंडाइतकी किंवा त्याहूनही उंच असते. पाण्याची पातळी थोडी उतरली कीं सर्वांत उंच जागीं हवा सांठते. विहिरीवरील पंपानें हवा धरली म्हणजे पंप फिरतो पण पाणी चढत नाहीं, हें प्रत्येक बागायतदारास ठाऊक आहे. येथेंही तेंच घडतें. रिड्यूसर आधीं कोरडा पडतो व इंजिन मागाहून तापतें. म्हणून हिम धरलेला रिड्यूसर व तापलेलें इंजिन हीं एकाच रोगाचीं दोन लक्षणें असूं शकतात, आणि त्यांपैकीं पहिलें लक्षण ही वेळेवर मिळालेली सूचना असते.

आमचा अनुभव

ही सूचना न ओळखल्याचें प्रायश्चित्त आम्हीं स्वतः भोगलें आहे. आमच्या शेतावर तीन सिलिंडरांची एक जुनी व्हॅन आहे. मार्गशीर्षांतील पहाटे टोमॅटोचे क्रेट भरून ती संगमनेराहून नारायणगावच्या बाजारास जात असे. त्या हंगामांत गॅसवर टाकली कीं ती झटके देई. उघडून पाहावें तों रिड्यूसरवर पांढरें हिम. आम्हीं गॅसचा फिल्टर बदलला, रिड्यूसरचे पडदे बदलले, गॅस खराब आहे असाही ग्रह करून घेतला. पाण्याकडे पाहिलें तें एवढेंच, कीं बाजूचा प्लास्टिकचा डबा भरलेला आहे. तो रोज भरलेलाच दिसे. एके दिवशीं चंदनापुरीचा घाट चढतांना इंजिनानें दम सोडला. उष्णतेचा कांटा निम्म्याच्याही खालीं होता. हेड वांकडें झालें होतें व गॅस्केट जळालें होतें.

कारण शोधतां निघालें तें इतकेंच, कीं रिड्यूसरच्या एका नळीची क्लिप सैल होती. इंजिन गरम असतां तेथून थोडें पाणी जाई, आणि निवतांना डब्यांतील पाणी ओढलें जाण्याऐवजीं त्याच फटींतून हवा आंत येई. म्हणून डबा भरलेला व रेडिएटर रिकामा! कांट्यानें दगा दिला त्याचेंही कारण साधें आहे. कांट्याची कळ पाण्यांत बुडालेली असेल तरच खरी उष्णता सांगते. पाणी तिच्या खालीं उतरलें कीं इंजिन जळत असतांही कांटा थंड दाखवूं शकतो. माल त्या दिवशीं घाटांतच राहिला, आणि क्लिपच्या किंमतीच्या कित्येक पट खर्च हेडवर झाला.

तपासणीचा क्रम

पुढील तपासणी इंजिन पूर्ण थंड असतां, शक्यतों सकाळीं करावी. गरम रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांहून अधिक तापलेलें असूं शकतें व तें अंगावर उसळतें.

(१) पाण्याची पातळी. बाजूच्या डब्यावर विसंबूं नये. रेडिएटरचें झांकण काढून पाणी तोंडापर्यंत आहे कीं नाहीं तें पाहावें. कमी असल्यास भरावें व आठवडाभर रोज पाहावें. रोज उतरत असेल तर तें कोठें तरी जात आहे हें निश्चित समजावें.

(२) झांकण. झांकणाच्या रबराला चिरा पडल्या असतील किंवा कमान सैल झाली असेल तर झांकण बदलावें. त्यावर दाबाचा आंकडा असतो, पुष्कळ लहान गाड्यांत तो ०·९ असतो. इतक्या दाबाखालीं पाणी सुमारें ११८ अंशांपर्यंत उकळत नाहीं. दाब न धरणारें झांकण असेल तर तेंच पाणी शंभराच्या आसपास उकळून वाहून जातें. आंकडा मूळच्या झांकणाचाच असावा. अधिक दाबाचें झांकण लावल्यास जुन्या नळ्या फुटतात.

(३) नळ्या व क्लिपा. किट बसवितांना पाण्याच्या मार्गांत चार-सहा नवे सांधे वाढलेले असतात. प्रत्येक सांध्याशीं पांढरा किंवा हिरवट डाग दिसतो कां पाहावें. डाग म्हणजे गळती.

(४) पट्टा. पाण्याचा पंप पट्ट्यानें फिरणारा असेल तर दोन चाकांच्या मध्यें अंगठ्यानें दाबून पाहावें. सुमारें एक सेंटिमीटर दबावा. अधिक दबल्यास आवळावा, चिरा असल्यास बदलावा.

(५) रिड्यूसरच्या नळ्या. पेट्रोलवर इंजिन चालूं करून गरम होऊं द्यावें व पंख्यापासून हात जपून दोन्ही नळ्यांस स्पर्श करावा. दोन्ही गरम लागल्या तर पाणी खेळत आहे. एक गरम व एक गार असेल तर आंत हवा, गाळ किंवा गांठलेली नळी आहे. इंजिन गरम होऊनही दोन्ही गार असतील तर पाणी तेथवर पोंचतच नाहीं, किंवा जोडणी चुकलेली आहे.

(६) हवा काढणें. गाडीचें रेडिएटरकडील तोंड चढावर करून उभी करावी. इंजिन थंड असतां झांकण काढावें, पाणी तोंडापर्यंत भरावें, इंजिन मंद गतीनें चालवावें व पाणी कोमट असतांनाच रिड्यूसरची वरची नळी किंचित् सैल करावी. बुडबुडे येणें थांबून अखंड धार लागली कीं नळी आवळावी, पाणी पुन्हां भरून झांकण लावावें. ज्या व्हॅनींत रेडिएटर पुढें व इंजिन आसनाखालीं असतें, तींत नळ्या लांब असल्यामुळें हें काम दोन-तीनदां करावें लागतें.

(७) रेडिएटर व पंखा. मळणीच्या दिवसांत भुसा, किडे व धूळ पंखड्यांत बसून हवा अडते. इंजिनाच्या बाजूनें बाहेरच्या दिशेस मंद धारेनें धुवावें. जोराच्या फवाऱ्यानें पंखड्या वांकतात. विजेचा पंखा असल्यास पाणी तापल्यावर तो आपोआप सुरू होतो कीं नाहीं, व दुरुस्तींत तारा उलट जोडल्या जाऊन उलटा तर फिरत नाहीं ना, तें पाहावें.

(८) थर्मोस्टॅट. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चाल आपल्याकडे फार आहे. गॅसच्या गाडीस ती विशेष घातक आहे. तो नसल्यास पाणी गरम होण्यास फार वेळ लागतो व पहाटे रिड्यूसर गारच राहतो. शिवाय कांहीं इंजिनांत कांहीं पाणी रेडिएटर चुकवून परस्पर फिरत राहतें, म्हणजे चढावर तापण्याचा दोष उलट वाढतो. बंद धरलेला थर्मोस्टॅट बदलावा, काढून टाकूं नये.

पेट्रोल व गॅस यांची तुलना

वरील सर्व नीट असूनही गाडी तापत असेल तर एकच रस्ता, तेवढाच माल घेऊन एकदां पेट्रोलवर व एकदां गॅसवर चालवून पाहावा. दोन्हींवर तापत असेल तर दोष रेडिएटर, पंप किंवा हेड गॅस्केट यांत आहे. केवळ गॅसवर तापत असेल तर गॅसचें प्रमाण कमी आहे किंवा ठिणगीची वेळ मागें पडलेली आहे. पेट्रोलचे थेंब आंत जातांना हवेस थोडें थंड करतात; गॅस वाफ होऊनच येत असल्यामुळें तो लाभ मिळत नाहीं, म्हणून प्रमाणांतील चूक गॅसवर लवकर भोंवते व एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकी झिजतात. हें काम अधिकृत किट-कारागिराकडूनच करवावें.

रेडिएटरच्या तोंडाशीं सतत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट गेलें असें सर्व मिस्त्री सांगतात, व पुष्कळदां तें खरेंही असतें. परंतु गॅसच्या गाडींत एक अपवाद आहे. रिड्यूसरच्या आंतील भिंत किंवा पडदा फुटल्यास गॅसच पाण्यांत शिरून बुडबुडे काढतो. म्हणून हेड उघडण्यापूर्वीं टाकीचा गॅस बंद करून, आंत उरलेला गॅस संपल्यावर केवळ पेट्रोलवर पाहावें. बुडबुडे थांबले तर दोष रिड्यूसरचा. चालूं राहिले, किंवा तेल दुधाळ झालें, तर गॅस्केटचा. ही परीक्षा उघड्या हवेंत, जवळपास विडी किंवा विस्तव नसतांनाच करावी.

पाणी कोणतें घालावें

ज्या विहिरीच्या पाण्यानें ठिबकाच्या नळ्या क्षारांनीं बुजतात, तेंच पाणी रेडिएटरांत घातल्यास तेथेंही तोच परिणाम होणार. शुद्ध केलेलें पाणी किंवा स्वच्छ गाळलेलें पावसाचें पाणी घ्यावें व त्यांत बाटलीवरील सूचनेप्रमाणें कूलंट मिसळावें. त्यानें गंज आवरतो व पाणी लवकर उकळत नाहीं. बहुतेक कूलंट इथिलीन ग्लायकॉलचें असतें. तें चवीस गोड पण विषारी आहे. काढलेलें जुनें पाणी गोठ्याजवळ किंवा उघड्या भांड्यांत ठेवूं नये. गुरें व कुत्रीं तें पिऊन मरतात.

कांहीं निक्षून सांगण्याच्या गोष्टी

गॅस हवेहून जड असल्यामुळें खोलगट जागीं सांठतो. म्हणून गळतीचा संशय असतां गाडी खड्ड्यावर किंवा बंद खोलींत उभी करूं नये. गळती साबणाच्या फेसानें पाहावी, काडी ओढून कदापि नाहीं. घरगुती सिलिंडर मोटारीस जोडणें बेकायदेशीर आहे व जिवावरचेंही आहे. थंडींत गाडी पेट्रोलवर सुरू करून पाणी गरम झाल्यावरच गॅसवर टाकावी. घाई केल्यानेंही हिम धरतें, परंतु तें कांहीं मिनिटांत वितळतें. गरम इंजिनावरही हिम राहिलें तरच पाण्याचा दोष समजावा. घाटांत गाडी तापल्यास थांबून इंजिन बंद करावें व निवेपर्यंत वाट पाहावी. तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतल्यास हेडास चीर जाते.

बैलाच्या खांद्यावर हात फिरवून मगच त्यास जुंपावें, अशी आपली जुनी रीत आहे. गॅसच्या गाडीबाबतही तोच नेम धरावा. आठवड्यांतून एकदां, इंजिन थंड असतां, रेडिएटरचें झांकण उघडून पाणी पाहण्यास दोन मिनिटें लागतात. तेवढीं दोन मिनिटें आम्हीं दिलीं असतीं तर आमचा माल घाटांत राहिला नसता.