गच्चीवर विमान बनवता येईल का?

प्रश्न : माझ्याकडे मोटारसायकलचं जुनं पण चालू इंजिन आहे, वेल्डिंग येतं आणि गच्ची मोकळी आहे. एका माणसापुरतं स्वस्त विमान घरी बनवता येईल का? अमेरिकेत म्हणे परवानाही लागत नाही. – एक वाचक, नागपूर

उत्तर : बनवता येईल. गच्चीची तर काळजीच नको. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं गेलं. गच्चीवरून ते खाली कसं आणायचं, याचा विचार मात्र पहिल्या दिवशीच करा.

आता इंजिन. ते जोरदार असलं की विमान उडतं, हा गैरसमज फार पक्का आहे. इंजिन विमानाला फक्त पुढे नेतं. उचलतात ते पंख. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. माणूस आणि पेट्रोल धरून ३०० किलोच्या विमानाला ताशी ७० किलोमीटरला जमीन सोडायची असेल, तर पंखांचं क्षेत्रफळ साधारण १० चौरस मीटर हवं. विमान जड झालं, की पंख तरी वाढवा नाहीतर वेग तरी.

मोटारसायकलचं इंजिन रस्त्यावर सिग्नलला दम खातं, उताराला विसावतं. विमानात त्याला तासभर जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद सलग द्यावी लागते. शिवाय ते मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेतं, आणि पुढच्या पंख्याला अडीच हजारांच्या आसपास बरं वाटतं. त्याहून फार जोरात फिरवला, तर पात्यांची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात आणि ताकद गोंगाटात वाया जाते. म्हणून मध्ये गिअर किंवा पट्टा घालून फेरे कमी करावे लागतात. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला सहसा दोन स्पार्क प्लग असतात, तेही उगाच नाही. हवेत गाडी कडेला घेऊन प्लग पुसता येत नाही.

पंखांचं काम मात्र वाटतं त्यापेक्षा घरगुती आहे. सांगाड्यावर पॉलिएस्टरचं खास कापड चिकटवायचं आणि त्यावरून चक्क कपड्यांची इस्त्री फिरवायची. कापड आक्रसतं आणि ढोलाच्या पानासारखं ताणलं जातं. इस्त्री किती तापली हे आधी मोजावं लागतं. अंदाजानं फिरवली तर कापड बिघडतं.

खरी गोम तोलात आहे. तयार विमानाच्या तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून गुरुत्वमध्य काढतात. साध्या विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा. शेपूट जड झाली तर नाक वर जातं, वेग पडतो आणि पंख उचल सोडतात. मग नाक खाली आणायला शेपटीत पुरेसा जोर उरत नाही. नाक थोडं जड असलेलं एक वेळ चालेल.

जमिनीवरची चाचणी म्हणजे धोका नाही, असंही समजू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत एका तरुण कारागिराने मारुती ८००चं इंजिन लावून हेलिकॉप्टर बनवलं होतं. चाचणीत शेपटीचं पातं तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि त्यात त्याचा जीव गेला. तोही वेल्डिंगचंच काम करायचा. हाताचं कसब आणि धातूच्या थकव्याचं ज्ञान या वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकीच्या ग्रिलचा पाइप म्हणूनच विमानाला चालत नाही.

अमेरिकेचं तुम्ही ऐकलंत ते अर्धं खरं. एक आसन आणि सुमारे ११५ किलोपेक्षा कमी रिकामं वजन असेल, तर तिथे वैमानिकाचा परवाना लागत नाही. आपल्याकडे ही सवलत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, विमानाची नोंदणी हवी, उड्डाणाची परवानगी हवी आणि चालवणाऱ्याला परवाना हवा. यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक. तरी त्यांच्या विमानाची नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या २०२० मध्ये. तेव्हा पाइप कापण्याआधी डीजीसीएचे नियम वाचा, आणि उडायला रीतसर शिका. ‘स्वस्त’ या शब्दात हा सगळा खर्चही धरा.

एक खास नागपुरी अडचण राहिली. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा जानेवारीतल्या पहाटेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी विरळ असते. उचल घटते, इंजिनाची ताकद घटते आणि धावपट्टी जास्त लागते. परवानगी हाती आली तरी पहिलं उड्डाण हिवाळ्यातल्या सकाळी, वारा पडलेला असताना ठेवा. आणि ते सोनेगावच्या विमानतळापासून दूर; तिथल्या आकाशात आधीच मोठ्या विमानांची ये-जा असते.