संप्रेरकाचे विघटन आणि भाताचे उत्पादन

सायटोकायनिन हे संप्रेरक वनस्पतींमध्ये पेशीविभाजनास चालना देते. ‘सायटोकायनिन ऑक्सिडेज’ हे विकर त्याची पार्श्वशृंखला तोडून त्यास निष्क्रिय करते. भातातील असे एक विकर ‘ओसीकेएक्स-२’ या जनुकामुळे तयार होते. या जनुकाचे कार्य मंदावल्यास संप्रेरक साचते व लोंबीतील दाणे वाढतात, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवून दिले. याच तत्त्वावर हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने सांबा महसुरीत जनुकसंपादन करून विकसित केलेले ‘कमला’ हे वाण ४ मे २०२५ रोजी जाहीर झाले. महाराष्ट्राप्रमाणेच छत्तीसगडसाठीही त्याची शिफारस असल्याने रायपूरच्या मैदानी पट्ट्यातील भातशेतीच्या दृष्टीने ते महत्त्वाचे ठरते. मात्र, वाढलेले दाणे भरण्यास पुरेसे अन्नद्रव्य, पाणी व सूर्यप्रकाश आवश्यक असल्याने त्याची खरी कसोटी शेतकऱ्यांच्या शेतावरच लागेल.