चहाच्या पानातील धातू

पांझरा नदीच्या एका तीरावर जुने धुळे आहे, तर दुसऱ्या तीरावर देवपूर. खानदेशातील इतर वस्त्यांप्रमाणे देवपुरातही दिवसाचा आरंभ चहाच्या आधणाने होतो. पूर्वी अनेक घरी हे आधण ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवीत. त्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणत. अशा भांड्याचा धातू पोटात जातो, ही जुन्या बायकांची धास्ती अगदीच निराधार नव्हती. चिंचेचे सार किंवा ताकाची कढी त्यात उकळली, तर धातूचा थोडा अंश खरोखरच पदार्थात उतरतो. पण चहा काचेच्या भांड्यात आणि अगदी शुद्ध पाण्यात केला, तरीही त्यात ॲल्युमिनियम सापडते! हे येते कोठून? चहाच्या पानातून.

ॲल्युमिनियम हा काही दुर्मिळ धातू नव्हे. पृथ्वीच्या कवचात वजनाने तो सुमारे ८ टक्के आहे, लोखंडाहूनही अधिक. धुळ्याच्या परिसरातील काळी जमीन ज्या कातळापासून बनली, त्यातही तो भरपूर आहे. तरी त्या जमिनीतील कपाशीला वा बाजरीला तो फारसा मिळत नाही. ही माती आम्लाच्या उलट गुणाची, म्हणजे अल्कधर्मी असते. अशा मातीत ॲल्युमिनियम चिकणमातीच्या कणांत जखडलेले राहते. पाण्यात विरघळत नाही. आसामात आणि निलगिरीच्या उतारांवर स्थिती निराळी आहे. तेथील मुसळधार पावसाने चुन्यासारखी द्रव्ये वाहून जातात व माती आम्ल बनते. मग हा धातू मोकळा होऊन मुळांपाशी येतो. बहुतेक पिकांना तो विषासारखा बाधतो व त्यांच्या मुळांची वाढ खुंटते. चहाचे झुडूप मात्र मोठे चमत्कारिक! त्याला हा धातू बाधत तर नाहीच, उलट मानवतो. मुळांनी शोषलेले ॲल्युमिनियम ते पानांत साठवून ठेवते. पान जितके जून, तितका साठा मोठा. वाळलेल्या जून पानांत तो किलोमागे १० ग्रॅमहूनही अधिक आढळला आहे. मळ्यात ‘दोन पाने व एक कळी’ खुडतात ती चवीसाठी; परंतु कोवळ्या पानांत धातूही कमीच असतो.

उकळत्या पाण्यात पाने उलगडतात, आणि रंग व तुरटपणा यांच्याबरोबर धातूचा काही भाग पाण्यात उतरतो. उरलेला चोथ्यातच राहतो. एक लिटर चहात साधारणपणे १ ते ६ मिलिग्रॅम ॲल्युमिनियम आढळते.

मग चहा पिणे धोक्याचे आहे काय? जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञसमितीने २०११ साली एक मर्यादा ठरविली : शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला २ मिलिग्रॅम. ३५ किलो वजनाच्या मुलास ही मर्यादा ७० मिलिग्रॅम होते. त्याने रोज १०० मिलिलिटरचे दोन कप घेतले, तर आठवड्यात चहातून फार तर साडेआठ मिलिग्रॅम जातील. इतर अन्नातूनही काही जातेच. शिवाय पोटात गेलेल्यापैकी शंभरातला एक भागही रक्तात शिरत नाही, आणि जो शिरतो तो मूत्रपिंडे बाहेर टाकतात. (मुलांनी चहा बेताने प्यावा, याची कारणे दुसरी आहेत.)

आतड्याचा हा पहारा किती मोलाचा, हे एका दुःखद अनुभवातून कळले. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांचे रक्त यंत्राने शुद्ध करतात. त्यासाठी एका वेळी शंभर लिटरांहून अधिक पाणी लागते, आणि त्यातील विरघळलेली द्रव्ये पातळ पडद्यातून थेट रक्तात जाऊ शकतात. अशा काही रुग्णांची वाचा अडखळू लागली, स्मृती गेली व अखेर त्यांना मृत्यू आला. अमेरिकेतील डेन्व्हरचे डॉक्टर ॲलन आल्फ्री व त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली त्यांच्या मेंदूत ॲल्युमिनियम फार वाढल्याचे दाखवून दिले. पाणी निवळण्यास वापरतात ती तुरटी ॲल्युमिनियमचाच क्षार होय. तेव्हापासून यंत्रासाठीचे पाणी या धातूपासून मुक्त करूनच वापरू लागले. ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत, त्यांना आजही ॲल्युमिनियमयुक्त औषधांविषयी सावध राहावे लागते.

देवपुरातील गृहिणी गाळणीतला चोथा अंगणातील गुलाबाच्या आळ्यात टाकतात. आसामच्या आम्ल मातीतून निघालेला तो धातू खानदेशच्या काळ्या मातीत मिसळतो, आणि तेथे पुन्हा जखडला जातो.