नेमबाजीचा पहिला धडा

नेमबाजीला केवळ तीक्ष्ण दृष्टी लागते, हा माझा समज एन.सी.सी.च्या पहिल्याच शिबिरात खोटा ठरला. 25 यार्डांवरून झाडलेल्या माझ्या पाचही गोळ्या पाच दिशांना गेल्या. मी रायफलीला दोष दिला. हवालदारसाहेबांनी त्याच रायफलीने पाच गोळ्या रुपयाएवढ्या जागेत बसवल्या. मी खजील झालो.

चूक कोठे होती? मागची खाच व पुढची माशी यांत 60 सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी एक मिलिमीटर ढळताच गोळी 50 मीटरवर सुमारे 83 मिलिमीटर आणि 300 मीटरवर अर्धा मीटर चुकते. 50 मीटरच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ तर अवघे 10.4 मिलिमीटरचे! याच अंतरावर कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले.

म्हणून नवशिक्याने लांबच्या लक्ष्याची घाई करू नये. अर्धा श्वास सोडून थांबावे, चाप झटका न देता सावकाश दाबावा आणि गोळ्या एकत्र पडतात का, एवढेच पाहावे. एकत्र पडल्या, तर साइट सरकवून त्या मध्यावर आणता येतात. विखुरल्या, तर बिचारी रायफल काय करणार?

शिबिराच्या शेवटी माझ्या तीन गोळ्या एकत्र पडल्या. उरलेल्या दोन माझ्याच होत्या, हे मी मुकाट्याने मान्य केले.