पैशांचा हिशेब आणि संगणकातील संख्यांचे प्रकार

पाठाचा उद्देश : संगणकात रकमेची नोंद कोणत्या प्रकारच्या संख्येने करावी व का, हे अपूर्णांकांच्या पूर्वज्ञानावरून विद्यार्थ्यांस समजावून देणे. इयत्ता सातवी.

रोजकीर्दीत एका पैशाचा फरक आढळला, तर तो लहान म्हणून सोडून देता येत नाही. जमेकडील एक मोठी चूक व खर्चाकडील दुसरी मोठी चूक एकमेकींस झाकतात आणि वर केवळ एक पैसा उरतो, असेही घडू शकते. हिशेब वहीतून संगणकात गेला, तरी हा नियम बदलत नाही.

पूर्वपीठिका : पूर्वी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे व १९२ पै होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. १ जून १९६४ पासून ‘नवे’ हे विशेषण गळले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचे नाणे नसल्याने एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ व चार आण्यांचे २५ नवे पैसे धरीत. एकेक आण्याच्या तीन वस्तू निरनिराळ्या घेतल्यास १८ पैसे होत, एकदम घेतल्यास १९. रक्कम केव्हा पूर्णांकात आणावी, यावर बेरीज अवलंबून असते, हे विद्यार्थ्यांनी येथे ओळखावे.

विवेचन : शिक्षकांनी फळ्यावर १ ÷ ३ हा भागाकार करून दाखवावा. ०·३३३ असे कितीही लांबविले, तरी तिप्पट करता पूर्ण एक येत नाही. संगणकाचीही अशीच अडचण आहे. तो दोनच अंकांनी मोजतो. त्यास अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश असे दोनाने विभागून मिळणारे भागच तंतोतंत मांडता येतात. म्हणजे पावकी-निमकीतील भाग त्यास बिनचूक येतात. आणा रुपयाचा सोळावा व जुना पैसा चौसष्टावा भाग असल्याने तेही तंतोतंत बसतात. आजचा पैसा मात्र शंभरावा भाग आहे. शंभराच्या अवयवांत पाच येतो, म्हणून तो भाग द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही.

‘फ्लोट’ नावाच्या प्रकारात असा अपूर्णांक ठरावीक लांबीवर तोडून ठेवतात. त्यामुळे नेहमीच्या दुप्पट अचूकतेच्या फ्लोटमध्ये ०·१ दहा वेळा मिळविले असता १ न येता ०·९९९९९९९९९९९९९९९९ येते. ‘बेरीज एक झाली काय?’ या प्रश्नास संगणक ‘नाही’ असे उत्तर देतो. मोजमापांस हा प्रकार चालेल. पैशांस चालणार नाही.

उपाय दोन आहेत. पहिला, ‘डेसिमल’ प्रकार. यात एकूण अंक व दशांशचिन्हापुढील अंक आधीच ठरवितात. १२ व २ असे ठरविल्यास रुपयांस १० व पैशांस २ स्थळे मिळतात. दुसरा, सर्व रक्कम पैशांत करून पूर्णांक म्हणून ठेवणे. ४५ रुपये ७५ पैसे ही रक्कम ४५७५ अशी लिहावी. मात्र ३२ अंशांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांहून मोठी रक्कम मावत नाही. तेथे ६४ अंशांचा पूर्णांक घ्यावा.

प्रात्यक्षिक : समजा, टोकावड्याच्या दुकानातून आणलेल्या १०० रुपयांच्या साहित्याचा खर्च तीन वर्गांत सारखा वाटावयाचा आहे. प्रत्येकी ३३·३३ धरल्यास बेरीज ९९·९९ होते. १०,००० पैशांस तिनाने भागल्यास भागाकार ३,३३३ व बाकी १ येते. बाकीचा पैसा कोणत्या वर्गाकडे मांडावा, हे माणसाने आधी ठरवावे. संख्येचा प्रकार कोणताही निवडला, तरी हा निर्णय टळत नाही.

स्वाध्याय :
१. जुनी पै रुपयाचा १९२ वा भाग होती. ती द्विमान पद्धतीत तंतोतंत मांडता येईल काय? १९२ चे अवयव पाडून कारण सांगा.
२. १,००० रुपये सात जणांत पैशांपर्यंत वाटा. बाकी किती उरते?
३. २५ पैसे व १० पैसे यांपैकी रुपयाचा कोणता भाग फ्लोटमध्ये बिनचूक राहील?