केमो संपली, छातीतला पोर्ट कधी काढायचा?



केमोचा शेवटचा डोस झाला की घराला हायसे वाटते. पण ज्यांना पोर्ट बसवला आहे त्यांच्यापुढे एक प्रश्न उरतो. हा आता काढायचा की ठेवायचा? बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून सुमारे १४०. एका फेरीला दोन माणसांचा खाडा पडतो. म्हणून निर्णय लांबतो आणि पोर्ट तसाच विसरला जातो. खरा धोका या विसरण्यात आहे.

पोर्ट म्हणजे काय?

केमोची काही औषधे इतकी जहाल असतात की हाताच्या बारीक शिरा जळतात. म्हणून गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळ, कातडीखाली, मोठ्या नाण्याएवढी डबी बसवतात. तिची मऊ नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत जाते. नीट निगा राखली तर पोर्ट काही वर्षेही राहू शकतो. तो वापरात नसला तरी ठरावीक काळाने औषधी पाण्याने धुवावा लागतो, यालाच फ्लश म्हणतात. तो चुकला तर नळी तुंबू शकते. काही रुग्णालये दर चार आठवड्यांनी बोलावतात, काही दोन-तीन महिन्यांनी. आपल्या रुग्णालयाने सांगितलेली मुदत पाळावी. मुदत चार आठवड्यांची असेल तर पौर्णिमेला विहारात जाण्याआधी कार्डावरची तारीख पाहायची सवय लावा, म्हणजे विसर पडणार नाही.

फ्लशसाठी खास सुई लागते. साध्या सुईने डबीचा पडदा खराब होतो. म्हणून गल्लीतल्या इंजेक्शनवाल्याकडून हे काम करून घेऊ नका. जवळच्या रुग्णालयात ही सुई आणि शिकलेली परिचारिका आहे का, याची आधी चौकशी करा.

कधी ठेवायचा?

केमो संपली म्हणजे सगळे उपचार संपले असे नसते. स्तनाच्या एका प्रकारच्या कर्करोगात ट्रास्टुझुमॅब हे औषध साधारण वर्षभर चालते. त्यासाठी पोर्ट कामी येतो. हाताच्या शिरा सापडत नसतील, किंवा काखेतल्या गाठी काढल्यामुळे त्या हाताला सुई टोचायची नसेल, तर डॉक्टर थोडे थांबायला सांगतात. काही आजारांत पुन्हा औषध लागण्याची शक्यता जास्त असते, तेव्हाही तो ठेवतात.

कधी काढायचा?

ठरलेले उपचार पूर्ण झाले, शेवटच्या तपासण्या समाधानकारक आल्या आणि नजीकच्या काळात शिरेतून औषध द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले की पोर्ट काढता येतो. फ्लशसाठी जाणे जमणारच नसेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. ही अडचण निर्णयात धरायलाच हवी. पोर्टमध्ये जंतुसंसर्ग झाला किंवा तो निकामी झाला, तर वाट न पाहता काढावा लागू शकतो.

पोर्ट काढला म्हणजे आजार परत येणार नाही अशी हमी मिळत नाही. ठेवायला सांगितला म्हणजे आजार उरला आहे, असेही नाही. घरच्यांनी परस्पर ठरवू नये. शरीर जिचे आहे, त्या बाईला आधी विचारावे.

डॉक्टरांना हे विचारा

१. माझे शिरेतून द्यायचे सगळे उपचार संपले का?
२. ठेवला तर किती महिने, आणि फ्लश कुठे, किती दिवसांनी?
३. काढण्यासाठी किती खर्च येईल?
४. तपासणीच्याच फेरीत काढता येईल का?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर काढण्याचा खर्च त्यात बसतो का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि केमोची सगळी कागदपत्रे एका पिशवीत ठेवा.

काढताना आणि नंतर

मोठ्या माणसात बहुधा तेवढाच भाग बधिर करून अर्ध्या-पाऊण तासात पोर्ट काढतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. आधी रक्त तपासतात. रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेह असेल तर सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. जखम कोरडी ठेवा. डॉक्टर सांगेपर्यंत उसाची मोळी, पाण्याचा हंडा, लहान मूल त्या बाजूने उचलू नका. जखमेवर हळद, राख लावू नका.

थांबू नका

फ्लशनंतर थंडी वाजून ताप आला, पोर्टची जागा लाल झाली किंवा पू आला, मान, तोंड किंवा हात सुजला, दम लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पुणे लांब असेल तर बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठा, आणि पोहोचताच सांगा, "मला केमोचा पोर्ट आहे." हे एक वाक्य डॉक्टरांचा वेळ वाचवते.

आपल्या वस्तीत कुणाची केमो नुकतीच संपली असेल, तर त्यांना आम्ही एवढेच विचारायला सांगतो: पुढच्या फ्लशची किंवा पोर्ट काढण्याची तारीख कार्डावर लिहून घेतली का?